कुऱ्हाडीचा दांडा



ह्या व्यासपीठावरून आपण आजवर थोरामोठ्यांची पुष्कळ व्याख्याने ऐकली आहेत. ती ज्ञानेश्वरीवर झाली असतील, राज्यघटनेवर झाली असतील, चंद्रावरच्या स्वारीवरही झाली असतील. मी मात्र आज आपणांपुढे एक कुऱ्हाड, एक सूप आणि वेळ उरल्यास एक नांगर घेऊन उभा आहे. विषय ओसरीवरचाही नव्हे, परसातला आहे. तेव्हा थोडी सवलत द्यावी, एवढीच प्रारंभी विनंती.

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. भाऊबंदकीचा दावा चालला असो की एखाद्या पक्षात फूट पडलेली असो, ही म्हण हटकून ओठांवर येते. ती वापरताना आपल्या डोळ्यांपुढे फितूर माणूस असतो. कुऱ्हाड नसते आणि दांडाही नसतो. शहरात ते साहजिकच आहे. माझी सारी नोकरी शाळामास्तरकीत गेली आणि तीही चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांत. पूर्वी हा एकच चांदा जिल्हा होता. १९८२ सालच्या २६ ऑगस्टला गडचिरोली वेगळा झाला. त्या मुलखात सकाळी घरून निघालेल्या माडिया गृहस्थाच्या खांद्यावर कुऱ्हाड असते, जशी आपल्या खिशात किल्ली असते. अशा ठिकाणी ही म्हण मी एकदा वर्गात शिकवायला घेतली. फळ्यावर लिहिली, अर्थ सांगितला, वाक्यात उपयोग सांगितला. मागल्या ओळीतला एक मुलगा उठून म्हणाला, “गुर्जी, दांडा आनताना झाडाले इचारूनच आनतेत नं? मंग तो काळ कसा होईल?”

मी त्याला खाली बसवले. उत्तर माझ्याजवळ नव्हते. आज जे बोलणार आहे ते त्या मुलाला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे, असे समजावे.

प्रथम ही कुऱ्हाड होते कशी ते पाहू. तिचे दोन भाग. लोखंडाचे पाते लोहाराकडून यावयाचे आणि दांडा ज्याचा त्याने रानातून आणावयाचा. दांड्याला धावड्याचे लाकूड उत्तम; चिवट असते, हाताला झटका कमी देते. मुसळाला खैर बरा. जुन्या माणसांना हे सारे तोंडपाठ असते. कोणते झाड कशाच्या कामाचे, हे ते झाड पाहूनच सांगतात. पाते बापाकडून मुलाकडे येते, झिजून झिजून तळहाताएवढे होते, तरी टाकीत नाहीत. दांडा मात्र दर दोन-चार वर्षांनी नवा. म्हणजे कुऱ्हाडीतले लोखंड हे वारशाचे आणि लाकूड हे दर पिढीने नव्याने मागून घ्यावयाचे. हे मागून घेणे अक्षरशः खरे आहे. मी पाहिले आहे. दांड्यासाठी फांदी तोडावयाची तर म्हातारा झाडाच्या बुंध्याला तळहात लावून क्षणभर उभा राहतो, चार तांदूळ टाकतो, काहीतरी पुटपुटतो आणि मग घाव घालतो. काय पुटपुटलात, असे विचारले तर हसतो. “कामापुरता नेतो म्हनलं,” एवढेच सांगतो.

आपल्यापैकी काहींना हा रानटी भोळेपणा वाटेल. त्यांच्यासाठी एक आठवण देतो. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वनसंप्रवेश नावाचा अध्याय आहे. देवाच्या मूर्तीसाठी लाकूड आणावयास रानात कसे जावे, हे त्यात सांगितले आहे. तोडण्यापूर्वी झाडाची पूजा करावी आणि त्यावर राहणाऱ्या भूतमात्रांना, आपण कृपा करून दुसरीकडे वस्ती करावी, अशी प्रार्थना करावी, असा त्याचा आशय आहे. सहाव्या शतकातल्या उज्जयिनीच्या पंडिताने जे संस्कृतात लिहून ठेवले, ते आमचा म्हातारा माडियात पुटपुटतो. कोणी कोणाकडून घेतले ह्या वादात मी पडत नाही.

आता लोखंड. लोखंडाला भूतपिशाच भिते, ही समजूत आपल्या घरातही आहे. बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतात, नवरदेवाच्या हाती लिंबू टोचलेली कट्यार देतात. शोभेसाठी म्हणून आपण ती आता देत असू, पण मूळ कारण ते. व्हेरिअर एल्विन ह्यांनी मंडला-बिलासपूरकडील आगरिया ह्या लोखंड गाळणाऱ्या जमातीवर १९४२ साली एक मोठा ग्रंथ लिहिला. भट्टीत लोहासुर राहतो, त्याला त्याचा भाग दिल्याखेरीज लोखंड उतरत नाही, अशी आगरियांची श्रद्धा त्यात नोंदली आहे. भट्टीतून नुकतेच निघालेले, आणखी कोणत्याही कामाला न लागलेले लोखंड हे कुंवारे, आणि त्याची शक्ती सर्वांत अधिक, असेही ते मानीत.

आमच्या चांदा जिल्ह्यातही अशा मातीच्या भट्ट्या होत्या. लोहारा, पिंपळगाव ह्या बाजूच्या खनिजाची कीर्ती इतकी होती की, १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ ह्या तज्ज्ञाने चांद्याच्या लोखंडाविषयी सरकारला लिहिलेला अहवाल जमशेटजी टाटांच्या हाती पडला आणि पोलादाच्या कारखान्याची कल्पना त्यांच्या मनात घर करून बसली. लोहाऱ्याला खनिज आणि वरोऱ्याला कोळसा, असा योग त्यांना दिसला. पण वरोऱ्याचा कोळसा परीक्षेत उतरला नाही. पुढे ह्या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभी दोराबजी आणि त्यांचे अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड चांद्याच्या रानात हिंडले, तेथून दुर्गकडे गेले, शेवटी मयूरभंजचे खनिज मिळाले आणि १९१२ साली साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलाद निघाले. आमच्या भट्ट्या तोवर विझत आल्या होत्या. आगगाडीने येणारे परदेशी लोखंड स्वस्त पडू लागले, लोहार पट्ट्या विकत घेऊन पाती घडवू लागला. लोहासुराला भाग देण्याचे कारण उरले नाही. रेल्वेच्या मालधक्क्यावरून आलेल्या लोखंडाला कोणाची परवानगी मागावयाची?

गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागड नावाचा डोंगर आहे. तोही लोखंडाचाच. त्यावर ठाकूरदेव आहे आणि दर जानेवारीत तेथे आजूबाजूच्या गावांची यात्रा भरते. गेल्या दहा वर्षांत तेथे मोठी खाण चालू झाली. खाणीने रोजगार आला हे खरे, धूळ आली हेही खरे. आणि ज्यांच्या देवाचे घर तेच खनिज आहे, त्यांचे म्हणणे कोणी किती ऐकले, हा प्रश्न उरला तोही खरा. मी एवढेच सांगतो की, तेथील माणूस ‘लोखंड’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात भाव वेगळा असतो. बाजारभावाविषयी बोलत नाही मी.

पण म्हणीतला शब्द ‘गोत’ आहे, तिकडे वळले पाहिजे. गोंडांमध्ये कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात देवांचे. प्रत्येक कुळीचे आपापले प्राणी आणि झाडे असतात आणि कुळीतला माणूस आपल्या कुळीच्या झाडावर कुऱ्हाड चालवीत नाही. ही काही केवळ वनवासींची चाल नव्हे. आपल्या लग्नात देवक बसते, ते काय असते? कोणाचे देवक कळंब, कोणाचे उंबर, कोणाची पंचपालवी. आणि कारागिरांच्या घरी तर देवकात अवजारेच असतात. तेल्याकडे पहार असते, लोहाराकडे सांडस आणि हातोडा असतो. लग्नासारख्या प्रसंगी ज्याला पूर्वज म्हणून पाटावर बसवावयाचे, तो हातोडा! म्हणजे अवजार हे गोतातलेच एक माणूस. मला वाटते, त्या मुलाचे चुकले नव्हते. त्याच्या मुलखात दांडाही गोतातला आणि झाडही गोतातले. गोतातला माणूस गोताकडे काही मागावयास गेला तर रीत पाळून मागतो. ही रीत तुटली म्हणजे मात्र तो काळ होतो.

आता ती तुटली कशी, ह्याची एक हकिगत सांगतो. माझ्या अगदी लहानपणची आहे. आमच्या गावात एक म्हातारे होते, आम्ही त्यांना आजोबाच म्हणत असू. नांगराच्या रुमण्यासाठी आणि कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी त्यांनी दोन फांद्या तोडल्या. रीतसर तांदूळ वाहून तोडल्या. पण तो भाग राखीव जंगलाचा होता. शेतीच्या अवजारांना लाकूड मिळण्याचा गावकऱ्यांचा हक्क आमच्याकडे जुना. त्याला निस्तार म्हणतात आणि निस्तारपत्रकात तो लिहिलेलाही असतो. परंतु तो हक्क कोणत्या जंगलात चालेल, लाकूड कोठून, केव्हा आणि किती मिळेल, हे कागदावर ठरलेले. मालगुजारी आणि जमीनदारी १९५१ साली गेली, ती रानेही सरकारच्या ताब्यात आली आणि कालपर्यंत अर्ध्या तोंडी रिवाजाने चाललेला व्यवहार पूर्णपणे कागदावर गेला. आजोबांना कागद वाचता येत नव्हता. रखवालदाराने फांद्या जप्त केल्या आणि बरोबर कुऱ्हाडही जप्त केली.

ह्यात त्या रखवालदाराचा दोष नव्हता. १९२७ च्या वन कायद्याचे बावन्नावे कलमच तसे आहे. गुन्ह्यातला माल तर जप्त करावयाचाच, पण ज्या हत्यारांनी, नावांनी, गाड्यांनी, गुरांनी गुन्हा घडला तीही जप्त करता येतात. मला हे कलम प्रथम वाचले तेव्हा मोठी मौज वाटली. आम्ही म्हणतो अवजारात जीव आहे, तर साहेब आम्हांला अडाणी ठरवितो. आणि त्याच साहेबाचा कायदा कुऱ्हाडीला मालकाच्या शेजारी आरोपी म्हणून उभी करतो!

असो. कुऱ्हाड ठाण्यावर अडकली, ती भाद्रपदात. पुढे नवरात्र आले. खंडेनवमीला घरोघर अवजारे धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडली गेली. आजोबांच्या पाटावर विळा होता, वखराची पास होती. कुऱ्हाडीची जागा मोकळी होती. म्हातारा सकाळी उठून सात मैल चालत ठाण्यावर गेला. दंड भरावयास पैसे नव्हतेच. त्याने एवढेच विचारले की, आज तिचा दिवस आहे, तिला हळद लावून जाऊ का? तेथील कारकून भला माणूस असावा. त्याने कोठडी उघडली. ढिगातून आजोबांनी आपली कुऱ्हाड काढली, पुसली, हळद लावली, नारळ नव्हता म्हणून सुपारी ठेवली आणि ती परत ढिगात ठेवून घरी आले. ही हकिगत ते सांगत तेव्हा त्यांच्या बोलण्यात तक्रार नसे. मला मात्र ती आठवली की आजही घशाशी येते.

कुऱ्हाडीवर फार वेळ गेला. सुपाकडे वळतो, कारण सुपाचे आपणा शहरवासीयांशी एक खास नाते आहे. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात छापून येईल, ‘वसंत व्याख्यानमालेचे सूप वाजले.’ छापणाऱ्याच्या घरी सूप असेलच असे नाही. पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री बायकांनी सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालवावे, ही चाल धर्मग्रंथांतूनही आली आहे. नवजात बाळाला सुपात ठेवण्याची चाल आहे. पाचवीला पाटावरवंटा पुजतात, बारशाला तोच वरवंटा कुंची घालून पाळण्याखालून फिरवितात, लग्नात घाणा भरताना मुसळांना आंब्याची पाने बांधतात. रिकामे जाते फिरवू नये, रिकामी कात्री वाजवू नये, केरसुणीला पाय लावू नये, ही यादी आपल्या आजीकडून आपण सर्वांनी ऐकलेली आहे, मी ती लांबवीत नाही.

सूप करणारा बुरूड. त्याचा सारा संसार बांबूवर. बांबूविषयीची मोठी समजूत अशी की, तो चुलीत जाळू नये, जाळला तर वंश जळतो. संस्कृतात वंश म्हणजे बांबू आणि वंश म्हणजे कूळ, तेव्हा समजुतीचे मूळ शब्दात आहे की शब्दाचे मूळ समजुतीत, हे पंडितांनी सांगावे. पाळणा बांबूचा आणि तिरडीही बांबूची. आता गंमत पाहा. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत. पण १९२७ च्या कायद्यात ‘झाड’ ह्या शब्दात बांबूही घातला. मग झाडाचे सारे नियम त्याला लागले. बल्लारपूरच्या कागद गिरणीला रानेच्या रानेच बांबूसाठी मिळत आणि सुपे विणणाऱ्या बुरडाला आगारातून मोजून काड्या. आपण ज्या वह्यांवर निबंध लिहिले त्यांत आमच्या रानाचा बांबू होता, हेही येथे सांगितले पाहिजे. मीही त्याच वह्या तपासल्या आहेत.

ह्या कथेचा पुढला भाग धानोरा तालुक्यातील मेंढा गावात घडला. लेखा-मेंढा ह्या नावाने आपण ते ऐकले असेल. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी वर्षानुवर्षे ग्रामसभेत बसून एकमताने निर्णय घेत राहिले. २००६ साली वनहक्क कायदा झाला, त्यात बांबूला गौण वनोपज म्हटले गेले. २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर विकावयाचा तर वाहतुकीचा परवाना लागे आणि तो देण्याचे पुस्तक वनखात्याकडे. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. बातमीत हे एक पुस्तक दिले एवढेच येते. पण मला त्या दिवशी आजोबांची आठवण झाली. झाडाला विचारून झाल्यावर आणखी कोणाला विचारावयाचे, ह्या प्रश्नाचे उत्तर निदान एका गावापुरते गावातच आले होते.

येथवर मी रूढींच्या बाजूने बोललो. पण सगळ्याच रूढी गोड नाहीत आणि ते न सांगणे म्हणजे आपली फसवणूक होईल. नांगराला बाईने हात लावू नये, ही समजूत आमच्याकडे आहे, आपल्याकडे आहे, जवळजवळ साऱ्या देशात आहे. धानाच्या शेतात चिखलात कमरेत वाकून रोवणी करावयाची बाईने, निंदण तिचे, कापणी तिची; नांगर तेवढा पुरुषाचा. बाईने धरला तर पाऊस जातो म्हणे! घरधनी मेलेल्या बाईचे शेत वेळेवर नांगरले जात नाही, दिराच्या दारात तिला उभे राहावे लागते, पाऊस निघून जातो तो ह्यामुळे. मासिक पाळीच्या दिवसांत माडिया स्त्रियांना गावाबाहेरच्या कुर्माघरात राहावे लागते, तेव्हा त्यांचा स्पर्श घरातल्या कोणत्याच वस्तूला चालत नाही. अवजाराचा मान राखताना माणसाचा मान असा जातो. मंडल्याकडचे बैगा तर नांगरच धरीत नसत. नांगराने धरणीमातेची छाती फाटते, असे ते म्हणत. त्यांचे म्हणणे सर्वांना सारखे लागू होते, म्हणून मला ते अधिक सरळ वाटते. सगळ्यांना बंदी, नाही तर कोणालाच नाही.

पोळ्याविषयी न बोलता वैदर्भीय माणूस व्यासपीठावरून उतरला तर गावी त्याला घरात घेत नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू घासले, तो बैलाचा खांदा हळद-तुपाने शेकतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे त्याला आमंत्रण देतात. जेवावयास बोलावणे हे सोयऱ्याला असते. त्या दिवशी जू कोणाच्याही मानेवर चढत नाही. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला सुताराने केलेले लाकडी बैल घेऊन मुले घरोघर जातात. आता ट्रॅक्टर आले. पोळ्याला ट्रॅक्टरलाही हार घालतात, दसऱ्याला एस. टी. च्या आगारात गाड्यांना झेंडूच्या माळा बांधतात, आपण आपल्या स्कूटरला बांधतो. ह्यावर हसणारे हसतात. मी हसत नाही. पण ट्रॅक्टरचा खांदा शेकता येत नाही, हे मनात येते.

शेवटी एक छोटीशी गोष्ट सांगून माझे सूप वाजवितो. मागल्या हिवाळ्यात एका आठवडी बाजारात गेलो होतो. एका दुकानात कुऱ्हाडी मांडल्या होत्या, त्यांना नळाच्या पाइपाचे लोखंडी दांडे वितळजोड करून बसविलेले. दुकानदार सांगत होता, जन्मभर मोडणार नाही. एक म्हातारबुवा तेथे उकिडवे बसून बिनदांड्याची पाती एकेक करून दगडावर वाजवून पाहत होते. आवाज ऐकत, बाजूला ठेवीत, पुन्हा दुसरे घेत. अर्ध्या तासाने एक पाते पसंत पडले. मी म्हटले, बाबा, दांड्याचीच घ्या की, तेवढाच त्रास वाचेल. त्यांनी पाते धोतराच्या सोग्यात बांधले आणि म्हणाले, “दांडा का कोनी इकत घेते जी? तो त रानात हाय.”